जड पाण्याच्या दोन बादल्या

मासे पाळावेत असं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. मला फक्त फोनवर सांगायला काहीतरी हवं होतं.

त्याचं झालं असं की आमची ही लेकीकडे गेली. लेकीचं बाळंतपण म्हणजे आई जाणारच, त्यात बोलायला जागा नाही. बॅगा मीच भरल्या, गाडीत मीच बसवून दिलं, 'इकडची अजिबात काळजी करू नकोस' असं छातीठोकपणे सांगितलं, आणि घरी आल्या आल्या चहाची गाळणी कुठे असते ते विचारायला फोन केला. पुढे नात झाली. सगळं सुखरूप पार पडलं. मग ही म्हणाली, "बाळानं मान धरेपर्यंत राहू का?" मी म्हटलं, "रहा की." मग बाळ पालथं पडेपर्यंत. मग रांगायला लागेपर्यंत. मग लेकीचं ऑफिस सुरू झालं, तेव्हा तिची घडी बसेपर्यंत. दर वेळी ही विचारायची, "आणखी थोडे दिवस राहिले तर चालेल ना?" आणि दर वेळी मी म्हणायचो, "अगं, रहा रहा! इथे काय अडलंय?"

आता इथे माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं. मी विमा कंपनीत आहे, घरसामानाच्या दाव्यांच्या खात्यात, आणि माझ्याकडे पाणी आहे. शेजारच्या टेबलावर आग आहे, खिडकीजवळच्या टेबलावर चोरी आहे, आणि माझ्याकडे पाणी. पाण्याचा नियम असा की पाइप फुटला, टाकी कोसळली, एकदम धो धो पाणी घरात शिरलं, तर नुकसानभरपाई मिळते. थेंब थेंब झिरपून भिंत खराब झाली तर मिळत नाही. असे लोक माझ्यासमोर येऊन बसतात, ओल्या भिंतीचे फोटो दाखवतात, आणि मी चष्मा कपाळावर सरकवून विचारतो, "तुम्हाला दिसत नव्हतं का? तेव्हाच का नाही बोललात?" त्यांच्याकडे उत्तर नसतं. मला वाटायचं, काय माणसं असतात एकेक.

तर हिच्या जाण्यात कुठेही काही फुटलं नव्हतं. थोडे दिवस, आणखी थोडे दिवस, एवढंच. तक्रार करायची तर नेमकी कुठल्या दिवशी करायची?

बरं, फोन रोज व्हायचा. पण तिकडे बातम्याच बातम्या! आज दात दिसला, आज बाळानं चमचा फेकला, आज बाळ पंख्याकडे बघून हसलं. आणि मग ही विचारायची, "तिकडे काय विशेष?"

"काही नाही."

"जेवलात?"

"हो."

"गॅस बंद केलात?"

"हो."

"बरं, मग ठेवते. हिला झोपवायचंय."

रोज हे असं. पंख्याला माझ्यापेक्षा जास्त भाव होता. एकदा मी बातमी म्हणून सांगितलं की आमच्या ऑफिसातला झेरॉक्सचा कागद आता दुसऱ्या कंपनीचा येतो. ही म्हणाली, "हो का?" आणि त्या 'हो का'नं मी इतका खचलो की दुसऱ्या दिवशी ऑफिसातून सुटल्यावर घरी न जाता नुसता रस्त्यानं हिंडत राहिलो.

तिथे ते माशांचं दुकान लागलं. आत अंधार, भिंतीभर काचेच्या पेट्या, आणि प्रत्येकीत रंगीत मासे दिमाखात फिरतायत. मला सगळ्यात आवडली ती एक रिकामी पेटी. नुसती वाळू आणि चार शंख. मी विचारलं, "यात काय आहे?"

मासेवाला म्हणाला, "थांबा जरा. तुम्ही आलात म्हणून आत गेलेत."

आम्ही दोघं गप्प उभे राहिलो. थोड्या वेळानं एका शंखातून बोटाच्या पेराएवढं डोकं बाहेर आलं, माझ्याकडे बघितलं, आणि न आवडून परत आत गेलं. मासेवाल्यानं सांगितलं की हे मासे दूरच्या एका मोठ्या तळ्यातले, आणि गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत राहतात. प्रत्येकाचं स्वतःचं घर. मादीचं वेगळं, नराचं वेगळं. मादी आपला शंख वाळूत नीट पुरून घेते, फक्त तोंड उघडं ठेवते. नर बाहेर पहारा करतो. अंडी आत, पिल्लं आत, सगळा संसार आत.

मला वाटलं, सापडली. रोज सांगता येईल अशी बातमी सापडली.

"फार काही लागत नाही यांना," मासेवाला म्हणाला. "वाळू, शंख आणि जड पाणी."

जड पाणी म्हणताच मी कपाळाला हात लावला. का, ते येईलच पुढे. आधी शंख.

शंख म्हणून मी भेटवस्तूंच्या दुकानातून जे आणले, ते शिंपले निघाले. चपटे. त्यांत मासा राहू शकत नाही, फार तर झोपू शकतो. मग समोरच्या दारातले नाना मदतीला आले. नाना दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त आहेत, पण अजूनही बोलताना समोरच्याच्या तोंडात बघतात. त्यांचं प्रत्येक वाक्य 'मी तुमच्या जागी असतो तर' असं सुरू होतं, आणि ते माझ्या जागी नाहीत याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

"मी तुमच्या जागी असतो तर," नाना माझ्या दाढांकडे बघत म्हणाले, "खाली बागेत गेलो असतो. गोगलगायींनी नुसता उच्छाद मांडलाय. मेलेल्या कितीतरी पडल्या असतील."

म्हणून सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी इस्त्रीच्या कपड्यांत, हातात चमचा घेऊन, सोसायटीच्या बागेतल्या झुडपांमागे उकिडवा बसलो. शंख चांगले मिळत होते. हळूहळू सरकत मी कुठे पोचलो याकडे माझं लक्ष नव्हतं. वर खिडकी उघडली.

"भावजी?"

त्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी. खिडकी त्यांच्या न्हाणीघराची होती.

"गोगलगायी," मी म्हटलं, आणि पुरावा म्हणून चमचा वर केला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, डबा पाठवत जाऊ का तुम्हाला?"

म्हणजे त्यांची समजूत काय झाली ते बघा. मी घाईघाईनं सांगितलं की माशांसाठी आहेत. त्या म्हणाल्या, "हो हो, माशांसाठीच," आणि खिडकी इतक्या हलक्या हातानं लावली की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला 'नीट जेवता ना?' विचारायला लागला.

शंख उकळावे लागतात. ते मी हिच्या दुधाच्या पातेल्यात उकळले. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. नानांनी आपलं दार उघडलं आणि लगेच लावलं. पातेलं पुढे कितीही घासलं तरी त्याचा रंग परत आला नाही, म्हणून मी ते माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलं.

आता पाणी. माझ्या नशिबाचा खेळ बघा.

आमच्या इमारतीचं पाणी पहिल्यापासून जड. बादल्यांना पांढरे थर, नळांना पांढऱ्या दाढ्या, साबणाला फेस नाही. आमची ही रोज केस धुऊन आली की म्हणायची, "काय मेलं पाणी आहे! केसांचा नुसता झाडू झालाय." लग्न झाल्यापासून रोज. म्हणून मी सोसायटीत लढा उभारला. पाणी मऊ करायचं यंत्र बसवा! वर्षानुवर्षं मी प्रत्येक सभेत उभा राहिलो, लोक हसले, जांभया दिल्या, मधेच उठून गेले. शेवटी ठराव मंजूर झाला. यंत्र आलं, बसलं, सुरू झालं, माझ्या गळ्यात हारही घातला. पण तोवर ही लेकीकडे गेली होती. ज्या पाण्यासाठी मी एवढा आटापिटा केला, त्यातला एक तांब्याही हिच्या डोक्यावर पडला नाही. मी एकटाच त्या मऊ पाण्यानं अंघोळ करतो, आणि मला तर टक्कल आहे.

तेव्हा आता जड पाणी मागायला मला आमच्या सेक्रेटरींकडे जावं लागणार होतं. या गृहस्थांना मी मनातल्या मनात ठरावसाहेब म्हणतो. त्यांना किती वाजले विचारलं तरी ते सभेपुढे ठेवतात.

"जड पाणी?" ठरावसाहेब म्हणाले. "तुम्हाला?"

"यंत्राच्या आधी पंपाच्या खोलीत एक नळ आहे ना, त्यातलं. रोज थोडंसं."

ठरावसाहेबांची स्मरणशक्ती फार वाईट आहे, म्हणजे फार चांगली आहे. ते उठून उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि सभेतल्या माझ्याच आवाजात म्हणाले, "'मंडळी, हे पाणी माणसानं काय, जनावरानंही पिऊ नये!' तुमचेच शब्द ना?"

"मासे पीत नाहीत," मी म्हटलं. "मासे त्यात राहतात."

विषय सभेपुढे गेला. मला पुन्हा उभं राहावं लागलं, त्याच जागी, त्याच लोकांसमोर, आणि जड पाण्याचे गुण सांगावे लागले. एवढा टाळ्यांचा कडकडाट मला आधीच्या भाषणाला कधी मिळाला नव्हता. शेवटी ठराव झाला, की सदस्याला पंपाच्या खोलीतून रोज एक बादली न्यायला परवानगी देण्यात येत आहे. एकच. आणि लिफ्टमधून नाही, कारण लिफ्टमधून पाण्याची बादली नेऊ नये असा एक जुना ठराव आहे. तो कोणी मांडला होता ते मला विचारू नका.

अशा रीतीनं गुडघ्यांची वाट लावत, रोज एक बादली करून पेटी भरली. पेटी ठेवायला घरात भक्कम असं एकच टेबल होतं, हिचं शिवणयंत्राचं. यंत्र मी काढून पलंगाखाली ठेवलं. मासे आणले. नर आधी शंखात गेला, मादी वाळूत इकडेतिकडे फिरून प्रत्येक शंखात डोकावून आली, एकही पसंत पडला नाही, परत पहिल्यापासून बघितले आणि शेवटी कोपऱ्यातला घेतला. मी लगेच फोन केला.

"अगं, विशेष आहे!"

त्या दिवशी ही पहिल्यांदा 'ठेवते' म्हणाली नाही. "मग? मग काय केलं तिनं?" असं विचारत राहिली. मी सांगितलं की मादी तोंडानं वाळू उचलून नराच्या दारात नेऊन टाकते. ही खळखळून हसली. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं! "बरोबर आहे तिचं," म्हणाली. "आपलं अंगण आपण झाडायचं, कचरा कुठे जातो ते शेजाऱ्यानं बघावं." मादीचं नाव हिनं बाईसाहेब ठेवलं आणि नराचं पहारेकरी. मग हीच आपण होऊन फोन करायला लागली. "बाईसाहेब काय म्हणतायत?" इथूनच सुरुवात. मी ऑफिसात ओल्या भिंतींचे फोटो बघता बघता आज काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करायचो. दोन वेळा तर काहीच घडलं नव्हतं, तेव्हा मी चक्क रचून सांगितलं.

पण एकदा बोलता बोलता मी पचकलो, "शिवणाच्या टेबलावरून बाईसाहेबांना सगळी खोली दिसते."

"माझ्या टेबलावर ठेवलीत?"

"रिकामंच होतं..."

"रिकामं नव्हतं. त्यावर यंत्र होतं." मग थोडं थांबून, "म्हणजे मी आता काही शिवायला येत नाही, असं धरून चाललात."

मी म्हणायला हवं होतं, की अगं, तसं नाही, त्या टेबलाजवळून जाताना रोज माझ्या काळजात कसंतरी होतं, म्हणून काहीतरी ठेवलं तिथे. पण मी म्हटलं, "भक्कम टेबल आहे." माझ्यासारखा माणूस अशा वेळी टेबलाच्या गुणवत्तेवर बोलतो.

त्याच फोनवर, विषय बदलायचा म्हणून, मी माझ्या मऊ पाण्याची बढाई मारली. तर ही म्हणाली, "जळलं ते मऊ पाणी. इथे लेकीकडे तसंच आहे. साबण अंगावरून जातच नाही, कितीही ओता. बुळबुळीत! आणि केस कसे चप्प बसतात टाळूला. आपलंच पाणी बरं होतं बाई."

मी खुर्चीवर बसलो. वर्षानुवर्षांचा लढा, गळ्यातला हार, गुडघे. "तूच म्हणायचीस ना, काय मेलं पाणी आहे?"

"म्हणायचे," ही म्हणाली. "म्हणायला काय जातंय? तुम्ही एवढं मनावर घ्याल असं कुठे ठाऊक होतं?"

मग ओल आली. खालच्या वहिनींनी जिन्यात गाठलं आणि अगदी संकोचून सांगितलं, "भावजी, आमच्या छताला जरा डाग पडलाय."

मी अधिकाऱ्याच्या चालीनं जाऊन बघितलं. डाग चांगला ताटाएवढा होता आणि बरोबर शिवणाच्या टेबलाखाली होता. माझा चष्मा आपोआप कपाळावर गेला. "किती दिवसांपासून आहे?"

"झाले बरेच दिवस."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तुम्ही एकटे असता. म्हटलं, कुठे त्रास द्यायचा?"

विमा खात्यात एवढी वर्षं काढून या प्रश्नाला कोणी उत्तर देताना मी पहिल्यांदा ऐकलं. मी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

टेबल भक्कम होतं, पण शिवणयंत्र काढल्यावर मधे जो खळगा राहिला होता, त्यावर मी पुठ्ठ्याची घडी ठेवली होती. पुठ्ठा दबला, पेटी किंचित कलली, आणि खालच्या सांध्यातून थेंब थेंब. पेटी रिकामी करून सांधा भरायला हवा होता. मी मासे आणि शंख बादलीत काढले. बाईसाहेबांच्या शंखाला हात लावायचा नाही अशी हिची सक्त ताकीद होती, पण इलाज नव्हता. मासेवाल्याकडून आणलेला चिकट मसाला सांध्यात भरला, तो सुकू दिला, आणि पेटी या वेळी माझ्या स्वतःच्या लिहायच्या टेबलावर ठेवली. वाळू घातली. मग मी नानांना म्हटलं, "जरा लक्ष ठेवा," आणि पाण्याची बादली आणायला खाली गेलो.

मी धापा टाकत वर आलो तर पेटी भरलेली. नाना बाही दुमडून उभे. "मी तुमच्या जागी असतो तर इतक्या वेळा जिना चढलो नसतो," ते म्हणाले. "न्हाणीघरातल्या नळाचंच भरलं. हे बघा, मासेसुद्धा सोडले!"

मऊ पाणी. माझ्याच यंत्राचं.

पहारेकरी वाकडा पोहत होता. बाईसाहेब शंखात शिरल्या त्या शिरल्याच. मी मासेवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "आता एकदम बदलू नका, दगावतील. हळूहळू, थोडं थोडं बदला." ठरावात बसेल तेवढी रोज एक बादली मी आणत राहिलो, थोडं काढत, थोडं घालत. पहारेकरी सरळ झाला. पण बाईसाहेब बाहेर येईनात. पहारेकरी त्यांच्या दारासमोर नुसता उभा. खायला टाकलं तरी चटकन एक घास घ्यायचा आणि परत दाराशी. मी ऑफिसातून येऊन खुर्ची ओढायचो आणि त्याच्याबरोबर बसायचो. आम्ही दोघं त्या काळ्या भोकाकडे बघत बसायचो. चहा करायचाही कंटाळा यायचा.

फोनवर मी काही दिवस 'मजेत आहेत' म्हणून दडपून नेलं. पण ही हुशार. "तुमचा आवाज का असा येतोय?" म्हणाली. मग मी सगळं सांगितलं.

"शंखाला हात लावलात?"

"लावावा लागला."

"आणि आता ती बाहेरच येत नाही."

"नाही येत." आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "तिला काही झालं ना, तर मी तुला रोज सांगू काय?"

मग ही हळूच म्हणाली, "मला सांगायला म्हणून आणलेत हे मासे?"

"नाहीतर तू लगेच ठेवतेस."

मागे नातीचं रडणं सुरू झालं. "ठेवते," ही म्हणाली, पण ठेवलं उशिरा. तोवर मी तिचा श्वास ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता मी सवयीनं पेटीकडे बघितलं. शंखाच्या तोंडाशी धूळ दिसली. चष्मा पुसला. धूळ तशीच. मग ती धूळ हलली. प्रत्येक कणाला दोन डोळे होते! आणि त्या गर्दीच्या मागून बाईसाहेब बाहेर आल्या, जरा हडकलेल्या, पण ताठ. आल्या आल्या त्यांनी तोंडभर वाळू उचलली आणि पहारेकऱ्याच्या अंगणात नेऊन टाकली.

मी गालाला फेस तसाच ठेवून हिला व्हिडिओ फोन लावला. व्हिडिओवर मी नेहमी फक्त कपाळ दाखवतो, अशी लेकीची तक्रार आहे. त्या दिवशी मात्र पेटी बरोबर दिसली. ही कितीतरी वेळ बघत राहिली. "म्हणजे ती रुसली नव्हती," म्हणाली. "बाळंतपणात होती."

"हो."

"आणि हा सगळा वेळ बाहेर उभा?"

"सगळा वेळ."

"एकदा तरी म्हणाला का तिला, बाहेर ये म्हणून?"

"अगं, मासे बोलत नाहीत."

"हो ना," ही म्हणाली. "काही काही नवऱ्यांची जातच तशी." मग तिनं फोन स्वतःकडे वळवला. केस खरंच चप्प बसले होते टाळूला. चेहरा थकलेला. माझ्याकडे, म्हणजे माझ्या कपाळाकडे बघत म्हणाली, "बरं, ऐका. आणखी थोडे दिवस राहिले तर चालेल ना?"

माझं तोंड सवयीनं उघडलं. 'अगं, रहा र...' इथपर्यंत शब्द आले होते जिभेवर. ते मी गिळले.

"नाही चालणार."

"काय?"

"नाही चालणार म्हणतोय! अजिबात नाही चालणार. घर खायला उठतं मला. गाळणी सापडते आता, पण चहा एकाचाच होतो. पोरीची अडचण होणार, मला कळतंय. तिची माफी मागतो, वाटलं तर नातीचीही मागतो. पण तू ये. मला करमत नाही तुझ्याशिवाय." एवढं बोलून मी घाबरलो आणि गालावरचा फेस पुसायला लागलो.

पलीकडे ही पदरानं डोळे टिपत होती, आणि हसतही होती. "किती वेळ लावलात हो," म्हणाली. "पाळणाघर तर पोरीनं केव्हाच बघून ठेवलंय. मलाच म्हणते, आई, तू का जात नाहीस? मी काय सांगणार? दर वेळी विचारत होते ती काय परवानगी मागत होते तुमची? वाटायचं, एकदा तरी म्हणतील नको. तर तुमचं आपलं, रहा रहा! मला वाटलं, सुटलात एकदाचे माझ्या तावडीतून."

मी म्हटलं, "टेबल रिकामं केलंय मी तुझं. यंत्र परत ठेवतो."

"ठेवा. उद्या येतेय मी. आणि हो, त्या बाईसाहेबांचं पाणी आणता ना तुम्ही, त्यातली एक बादली माझ्यासाठी आणून ठेवा. मला केस धुवायचेत."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. माळ्यावरचं पातेलं काढून आणखी एकदा घासलं, व्यर्थ. मग दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन पंपाच्या खोलीत गेलो आणि दोन्ही काठोकाठ भरल्या. जिना चढायला लागलो तेवढ्यात खालून आवाज आला, "अहो! अहो थांबा! ठराव एका बादलीचा आहे!"

ठरावसाहेब कठड्याला धरून वर बघत होते. त्यांच्या मागे खालच्या वहिनी, आणि वरच्या दारात नाना.

"दुसरी कोणासाठी?" ठरावसाहेबांनी विचारलं. "आणखी मासे आणलेत की काय?"

"माझी बायको येतेय," मी म्हटलं. म्हटलं म्हणजे ओरडलोच, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा.

ठरावसाहेबांनी बोटानं दोन्ही बादल्या मोजल्या. मग म्हणाले, "हे सभेपुढे ठेवावं लागेल."

"ठेवा," मी म्हटलं, आणि पाणी पायांवर सांडत वर चढत राहिलो.